होळी ते गुढीपाडवा: पहिल्यांदाच इंदूरला जाताय?

इंदूरची खरी वेळ रात्रीची. दिवसा सराफ्याच्या ज्या गल्लीत सोन्याचांदीचे व्यवहार चालतात, तिथेच दुकानांची शटरं खाली आली की ओट्यांसमोर कढया मांडल्या जातात आणि मध्यरात्र उलटेपर्यंत माणसं उभ्याने खात असतात. नव्याने जाणारे नेमके इथे फसतात. सकाळभर पोहे-कचोरी, दुपारी तुपात बुडवलेले बाफले, संध्याकाळी चाट. मग सराफ्यात पोचेपर्यंत पोटात जागा उरत नाही आणि पायांत त्राण उरत नाही. म्हणून इथला बेत रात्रीकडून मागे आखायचा. सराफ्यात किती वाजता पोचायचं ते आधी ठरवा. दुपारचं जेवण, झोप आणि सकाळचं फिरणं त्यानुसार बसवा.

कधी जायचं

होळी ते गुढीपाडवा हा पंधरवडा सगळ्यात चांगला. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर, माळव्याच्या पठारावर आहे. मार्चमध्ये दुपारी पारा ३२ ते ३५ अंशांवर जातो, पण हवा कोरडी असल्याने सूर्य मावळला की झपाट्याने उतरतो आणि रात्री १७-१८ अंशांपर्यंत येतो. बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र, असं उत्तरेत पूर्वीपासून म्हणतात. मार्चमध्ये रात्री अकराला राजवाड्यासमोर उभं राहिलं की ते पटतं. सोबत एक पातळ शाल किंवा पूर्ण बाह्यांचा शर्ट ठेवा. एप्रिल निम्मा सरला की दुपारी ३८-४० अंश होतात आणि दिवसाचं फिरणं नकोसं होतं.

या पंधरवड्यात दोन दिवस वेगळे आहेत: रंगपंचमी आणि पाडवा. रंगपंचमीला इंदूरची ‘गेर’, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते. तिच्यासाठी जायचं की ती टाळून जायचं, हे तिकीट काढण्याआधी ठरवा. मधला मार्ग इथे नाही, कारण त्या दिवशी जुनं शहर बघायला मिळत नाही.

पोचणं आणि मुक्काम

मुंबई सेंट्रलहून अवंतिका एक्सप्रेस संध्याकाळी निघते आणि सकाळी इंदूरला पोचवते. पुण्याहूनही थेट गाडी आहे. होळीच्या आठवड्यात आरक्षण लवकर भरतं, त्यामुळे बुकिंग उघडताच तिकीट काढा. विमानतळ राजवाड्यापासून आठ-नऊ किलोमीटरवर आहे.

मुक्कामासाठी तीन भाग आहेत. रेल्वे स्टेशन आणि सरवटे बसस्थानकाचा परिसर स्वस्त आहे. तिथून राजवाडा दोन किलोमीटरच्या आसपास, पण रात्रभर गाड्यांचा आवाज असतो, तेव्हा खोली मागच्या बाजूची मागा. महात्मा गांधी मार्ग, आरएनटी मार्ग आणि पलासिया हा पट्टा मधला: जुनं शहर एका बाजूला, छप्पन दुकान ही खाण्याच्या दुकानांची रांग दुसऱ्या बाजूला, दोन्हीकडे रिक्षाने दहा-पंधरा मिनिटं. पहिल्या भेटीला हाच घ्या. विजयनगरला मोठी हॉटेलं, मॉल आणि पब आहेत, पण रात्री एक वाजता सराफ्यातून तिथे परतणं लांब पडतं आणि खर्चिकही. मेट्रो सध्या सुपर कॉरिडॉरच्या बाजूला धावते, जुन्या शहरात तिचा उपयोग नाही.

स्वतःची गाडी आणली असेल तर ती हॉटेलवरच राहू द्या. राजवाड्याच्या भोवतीच्या गल्ल्यांत गाडी शिरली की पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. रिक्षा आणि ई-रिक्षा मुबलक आहेत. रात्री परतताना चौकातच भाडं ठरवण्यापेक्षा दोन मिनिटं चालून मुख्य रस्त्यावर या, तिथे भाव सरळ मिळतो.

सकाळ: पोहे, मग राजवाडा

इंदुरी पोहे आपल्या कांदेपोह्यांसारखे कढईत परतत नाहीत. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत असतं, त्यावर पोह्यांची परात असते आणि वाफेवर पोहे तासन्‌तास मऊ राहतात. म्हणून ते तेलकट लागत नाहीत. हळद, बडीशेप, किंचित साखर एवढंच आत. चव वरून येते. बारीक शेव, कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबू आणि जिरावण. जिरावण म्हणजे जिरं, धणे, बडीशेप, आमचूर, काळं मीठ, लवंग अशा बऱ्याच जिन्नसांची कोरडी भुकटी. ती आधी पोह्यांवर भुरभुरली जाते, नंतर चिमूटभर आणखी मागायची. सोबत गरम जिलबी, आणि एक घास तिचा, एक घास पोह्यांचा. काही ठिकाणी पोह्यांवर तिखट उसळ घालतात. पहिल्या दिवशी साधे, दुसऱ्या दिवशी उसळीचे, असं करा.

पोहे साडेसात ते नऊ या वेळात खा. साडेदहानंतर परातीतले पोहे कडेने वाळायला लागतात आणि जिलबीही मऊ पडते. गर्दी आहे आणि पातेल्यातून वाफ दिसते, एवढं पाहून कुठेही उभं राहिलं तरी चालतं. एक प्लेट पोहे आणि शंभर ग्रॅम जिलबी दोघांना पुरे; कचोरीचा मोह आज आवरा.

राजवाडा सात मजली. मल्हारराव होळकरांच्या काळातला, १७४७ च्या सुमाराचा. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. समोर उभं राहून आधी हेच नीट पाहा: खाली जड दगडी बांधकाम आणि वर लाकडी सज्जे. या वाड्याला १८०१, १९०८ आणि १९८४ अशी तीनदा आग लागली. मागचा जळालेला भाग जुन्या शैलीतच पुन्हा बांधला गेला आहे, त्यामुळे आत गेल्यावर लाकडाचा आणि दगडाचा ताजेपणा जाणवला तर दचकू नका. आत मल्हारी मार्तंडाचं मंदिर आहे. होळकरांचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, तोच इथे. सोमवारी राजवाडा आणि लालबाग महाल दोन्ही बंद असतात, म्हणून सोमवार महेश्वरसाठी ठेवा.

राजवाड्याला लागूनच १८३२ मध्ये कृष्णाबाई होळकरांनी बांधलेलं गोपाळ मंदिर आहे. तिथून पाच-सात मिनिटं चालत कृष्णपुऱ्याच्या छत्र्या. नदीकाठच्या या छत्र्यांवर कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव होळकर यांची स्मृती आहे. शिखरांवरच्या कोरीवकामाकडे सगळे पाहतात, पण खांबांच्या तळाशी कोरलेले सैनिक आणि वादक खाली बसून पाहण्यासारखे आहेत. मार्चमध्ये नऊ-साडेनऊपर्यंत ऊन सुसह्य असतं, तोपर्यंत छत्र्या उरका.

दहाच्या पुढे सावलीत जायचं: इतवारिया बाजाराजवळचं काच मंदिर. सर सेठ हुकुमचंद यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेलं हे जैन मंदिर भिंती, खांब, छत आणि जमीन अशा सगळीकडे काचेने मढवलेलं आहे. चामड्याचा पट्टा, पाकीट बाहेर ठेवावं लागतं आणि फोटो काढायला मनाई आहे, म्हणून आत फोन हातात घेऊ नका. लता मंगेशकरांचा जन्म ज्या भागात झाला तो शीख मोहल्ला शहराच्या याच जुन्या भागाजवळ आहे. तिथे स्मारक म्हणून पाहण्यासारखं काही नाही, वाटेत असेल तरच वळा.

लालबागला पहिल्या दिवशी कोंबू नका. १८८६ ते १९२१ या काळात बांधलेला हा महाल वेगळा अर्धा दिवस मागतो. बाहेरचं लोखंडी दार बकिंगहॅम राजवाड्याच्या दाराच्या धर्तीवर इंग्लंडमध्ये ओतून आणलेलं आहे. स्वयंपाकघर नदीच्या पलीकडच्या काठावर होतं आणि भुयारी वाटेने महालाशी जोडलेलं होतं. दुरुस्तीच्या काळात काही दालनं बंद असतात, तेव्हा निघण्याआधी हॉटेलमधून चौकशी करा. माणिकबाग महालाबद्दल वाचून जाणारेही असतात; तिथे आता सरकारी कार्यालय आहे, आत सोडत नाहीत.

दुपार: बाफले, पण बेताने

माळव्याचं जेवण म्हणजे दाल-बाफले. जाडसर दळलेल्या गव्हाच्या पिठात थोडं मक्याचं पीठ, मोहन आणि ओवा घालून गोळे करतात, ते आधी हळदीच्या पाण्यात उकडतात, मग गोवऱ्यांवर किंवा भट्टीत भाजतात आणि फोडून तुपात बुडवतात. राजस्थानी बाटी न उकडता भाजलेली, म्हणून ती कडक. बाफला आतून मऊ. सोबत तुरीची डाळ, कढी, लसणाची चटणी आणि शेवटी चुरम्याचा लाडू.

धट्ट्याकट्ट्या माणसाला दोन बाफले पुरतात. वाढणारे तिसरा आग्रहाने वाढतात. ताटावर हात आडवा धरा. बाफला पोटात गेल्यावर फुगतो आणि तुपामुळे पचायला वेळ घेतो. एक वाजता दोन बाफले खाल्ले तर रात्री नऊला भूक लागते. अडीच वाजता चार खाल्ले तर सराफा दुसऱ्यांच्या हातातल्या द्रोणांकडे बघत काढावा लागतो. जेवण झालं की दोन-अडीच तास झोपा. हा आळस नाही, रात्री एकपर्यंत जागायची ती तयारी आहे.

संध्याकाळी पाच ते आठ रिकामी ठेवा: शीतलामाता बाजारात कपडे, बर्तन बाजारात तांब्या-पितळेची भांडी, किंवा १९०४ मध्ये बांधलेल्या गांधी हॉलचा घड्याळाचा मनोरा. चहा घ्या, काही खाऊ नका.

सराफा

रात्री साडेनऊला राजवाड्याशी उतरा आणि चालत सराफ्यात शिरा. आठ वाजता गेलात तर दागिन्यांचीच दुकानं दिसतील. साडेदहाला गर्दी भरात येते, दीड-दोनपर्यंत सगळं आवरतं. शनिवार-रविवारी गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. मंगळवार ते गुरुवार उत्तम. सोबत वडीलधारी मंडळी किंवा लहान मुलं असतील तर नऊलाच पोचा आणि साडेदहाला निघा. बसायला जागा जवळजवळ नाहीच, गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी घडीचं छोटं स्टूल आणलं तरी कुणी हसत नाही.

पहिला फेरा रिकाम्या हाताने मारा. या टोकापासून त्या टोकापर्यंत फक्त पाहा: कुठे कढई नुकतीच चढली आहे, कुठे माल ताटात पडून आहे, रांग कुठे आहे. मग परत येताना खा. तीन माणसांत एक प्लेट, हा नियम मोडू नका. तिखट आधी, गोड नंतर.

सुरुवात भुट्ट्याच्या किसाने. कोवळं कणीस किसतात, तुपात हिंग-जिरं-हिरवी मिरची घालून तो कीस परततात, मग थोडं थोडं दूध घालत आटवतात. वर लिंबू, कोथिंबीर, खोबरं. मोठ्या पसरट कढईच्या मधोमध तो मऊ, पिवळसर, कडेने तूप सुटलेला दिसतो आणि काठाला खरपूस सालपट धरलेलं असतं. वाढणाऱ्याला सांगा, मधला द्या आणि थोडी खरवडही घाला. गार झाला की तो चिकट होतो, म्हणून द्रोण हातात आला की फोटो नंतर.

मग दहीवडा. जोशींच्या दुकानात द्रोण हवेत उडवून झेलतात आणि मसाले एकाच चिमटीत धरून एकेक करून वेगवेगळे सोडतात. ते बघायलाच निम्मी माणसं उभी असतात. वडा हलका, दही घट्ट आणि गोडसर. त्यानंतर साबुदाण्याची खिचडी. मराठी माणसाने ही जरूर खावी, कारण ती आपली नाही. साबुदाणा वाफेवर शिजवलेला, दाण्याचं कूट नाममात्र. त्यात बटाट्याचा चिवडा, जिरावण, लिंबू तुमच्यासमोर कालवून देतात. उपासाची म्हणून मागत असाल तर मसाल्यात काय आहे ते आधी विचारा.

गराडू हा कंद तळून जिरावण-लिंबू लावून देतात, पण तो थंडीतला पदार्थ. होळीच्या आसपास हंगाम सरतो. दिसला तर एक फोड मागून चाखा. आत दोरे लागले किंवा मध्ये कच्चा राहिला असेल तर सोडून द्या.

गोडात मालपुवा, मुगाचा शिरा, मावाबाटी आणि भला मोठा जलेबा. जलेबा एकट्याने घेऊ नका. दोनशे-तीनशे ग्रॅमचा तो एकच वळसा चार जणांना पुरतो. शेवटी शिकंजी. लिंबूपाणी समजून तहान भागवायला मागवाल तर निराशा होईल; इंदुरी शिकंजी म्हणजे आटवलेलं दाट दूध, केशर, वेलची, सुकामेवा. ती पिण्यापेक्षा खाण्याच्या जवळची आहे. पाण्याची बाटली स्वतःची ठेवा.

चायनीज, मोमो, पेटत्या पानाचे खेळ जिथे दिसतील तिथून पुढे चला. ते कुठल्याही शहरात मिळतं.

वाटून खाल्लं तर माणशी तीनशे-चारशे रुपयांत भरपूर होतं. यूपीआय सगळीकडे चालतं, पण गर्दीत नेटवर्क अडतं. दहा-वीसच्या नोटा खिशात असू द्या. रिकामा द्रोण हातात धरून डब्यापर्यंत जायचं. स्वच्छ शहरांच्या यादीत वर्षानुवर्षं पहिलं येणारं हे शहर आहे, आणि रस्त्यावर टाकलेल्या द्रोणाबद्दल शेजारचा ग्राहकसुद्धा टोकतो. दंड तर होतोच. बोलायला हिंदी, दुकानदाराला ‘भिया’ म्हटलं की काम सोपं होतं. माळवी-हिंदीच्या गर्दीत मधूनच अस्सल मराठी ऐकू येईल, कारण होळकरांच्या काळापासून इथे राहिलेली मराठी घरं बरीच आहेत.

पब विजयनगर आणि एबी रोडला आहेत, मध्यरात्रीच्या आत बंद होतात. त्यासाठी इंदूरला यायची गरज नाही.

दुसरी सकाळ: छप्पन दुकान

नवीन पलासियातली ही छप्पन दुकानांची रांग आता फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आहे. सराफ्याच्या रात्रीला ती जोडू नका, दुसऱ्या दिवशीच्या उशिराच्या न्याहारीला ठेवा. खोबऱ्याची पॅटिस इथे खा: बाहेर बटाटा, आत ओलं खोबरं आणि सुकामेवा, वर हिरवी आणि गोड चटणी. जॉनी हॉट डॉगमध्ये लांबट पावाची अपेक्षा ठेवू नका. तुपावर भाजलेला गोल पाव, आत मटण, अंडं किंवा भाजीची टिक्की. शाकाहारी असाल तर तसं स्पष्ट सांगून मागवा.

गेर बघायची असेल तर

होळीनंतर पाचव्या दिवशी, म्हणजे फाल्गुन वद्य पंचमीला, टोरी कॉर्नर, मल्हारगंज, गौराकुंड या बाजूंनी मिरवणुका राजवाड्याकडे येतात. सकाळी दहाच्या सुमारास सुरुवात, दुपारी तीनपर्यंत सरते. टँकरवरच्या तोट्यांतून रंगीत पाणी आणि यंत्रांतून चार-पाच मजले उंच गुलाल उडतो. लाखो माणसं असतात. राजवाडा आणि आजूबाजूच्या इमारती ताडपत्रीने झाकलेल्या, बाजार बंद, शहराला स्थानिक सुट्टी.

आदल्या रात्री केसांना आणि सकाळी चेहरा, मान, हातांना खोबरेल चोळा. नखांच्या कडांना विसरू नका, रंग तिथेच सगळ्यात जास्त दिवस राहतो. जुने पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, नाडीचे बूट (चपला पहिल्या धक्क्यातच जातात), डोळ्यांवर चष्मा. कॉन्टॅक्ट लेन्स अजिबात नको. फोन गळ्यात अडकवायच्या बंद प्लास्टिक पाकिटात, सोबत थोडे पैसे आणि हॉटेलचा पत्ता कागदावर. न्याहारी आठच्या आत. नऊला ठिकाणावर.

उभं राहायची जागा महत्त्वाची. अरुंद गल्लीच्या तोंडाशी थांबू नका, गर्दी तिथेच दाबते. टँकरच्या अगदी समोरही नको. पाण्याचा झोत डोळ्यावर किंवा कानावर बसला तर इजा होते. रुंद चौकात, पाठीशी बाहेर पडायची वाट राहील अशी जागा निवडा. अलीकडे मार्गावरच्या काही गच्च्यांवरून बघायची सोय नोंदणी करून मिळते. मुलं आणि ज्येष्ठ सोबत असतील तर तीच घ्या. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी खाली उतरू नये, गुलालाने हवा घट्ट होते. हरवल्यास कुठे भेटायचं ते मार्गाबाहेरचं ठिकाण आधीच ठरवा, फोन लागत नाहीत. कुणी थंडाई पुढे केली तर भांग आहे का, हे विचारल्याशिवाय घेऊ नका.

मुक्काम त्या दिवसापुरता तरी राजवाड्यापासून लांब असावा, कारण रस्ते बंद असतात. रंगलेल्या अवस्थेत आत घेतील का, हे हॉटेलला आधी विचारा आणि जुना टॉवेल, चादर सोबत ठेवा. मिरवणूक सरली की महापालिकेचे कर्मचारी लगेच रस्ते धुवायला उतरतात. काही तासांत रस्ता पूर्ववत होतो, तेही पाहण्यासारखं आहे. त्या रात्री सराफ्याचा भरवसा धरू नका.

पाडव्याला गेलात तर पहाटे बाहेर पडा. इंदूरमध्ये नव्या वर्षाच्या सूर्याला अर्घ्य द्यायला लोक जमतात आणि कडुनिंब-खडीसाखर वाटतात. मराठी वस्त्यांत गुढ्या तर असतातच.

एक दिवस महेश्वर

इंदूरहून साधारण ९० किलोमीटर, दोन ते अडीच तास. सहाला निघा. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ असा राज्यकारभार केला तो याच गावातून. किल्ल्यात रोज सकाळी मातीची छोटी शिवलिंगं करून पूजा होते आणि मग ती नर्मदेत सोडतात. ते पाहायचं तर साडेआठपर्यंत तिथे असावं. घाटाचा दगड अकरानंतर तापतो आणि अनवाणी चालवत नाही, म्हणून पूजेनंतर नावेची फेरी आणि घाट आधी, बाकीचा किल्ला नंतर, विणकरांकडे सगळ्यात शेवटी. महेश्वरी साडी घेताना काठ उलटून पाहा: अस्सल काठ दोन्ही बाजूंनी सारखा नेसता येतो. चारच्या सुमारास परत फिरा.

घरी नेण्यासाठी

शेव, नमकीन आणि जिरावण निघायच्या दिवशीच घ्या. लवंगी शेव तिखट असते, रतलामी त्याहून मसालेदार. दोन्ही चाखून मगच तोलायला सांगा. सुटा माल दोन दिवसांत सादळतो, तेव्हा दुकानातच पिशवी मशीनने बंद करून घ्या आणि अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्या करा, म्हणजे एक फोडली तरी बाकीचा माल कुरकुरीत राहतो. जिरावण शंभर ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नका; त्याचा वास लवकर उतरतो. मावाबाटी, मालपुवा यांच्या नादी लागू नका, खव्याचे पदार्थ मार्चच्या उन्हात गाडीत टिकत नाहीत.